7129 रकाने, 72 माणसं

ओळी 72, रकाने 7129. या विचित्र आकाराच्या तक्त्यापायी मी संगणकासमोर जाऊन बसले. तक्ता जुना आणि प्रसिद्ध आहे. टॉड गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली ‘सायन्स’मध्ये त्यावरचा निबंध छापला. प्रत्येक ओळ म्हणजे ल्युकेमियाचा एक रुग्ण आणि प्रत्येक रकाना म्हणजे जनुकं किती सक्रिय आहेत याचं एक मोजमाप. ओळखायचं एवढंच, की ल्युकेमियाच्या दोन प्रकारांपैकी हा एएलएल आहे की एएमएल. दोन्हींचे उपचार वेगळे, त्यामुळे चूक परवडणारी नाही.

माझ्या मैत्रिणीची मुलगी पुण्यात जैवसांख्यिकीत पीएचडी करते. नव्या विद्यार्थ्यांना ती हाच तक्ता देते. “मावशी, 7129 रकाने हाताशी असले ना, की माणूस काहीही सिद्ध करू शकतो,” असं ती एकदा म्हणाली होती. म्हटलं, करून दाखव.

तिनं फाइल उघडली, सगळी मोजमापं एका पट्टीवर आणली आणि शिकवणीसाठीचे 38 रुग्ण वेगळे काढले. उरलेले 34 परीक्षेसाठी. मग एक खोडसाळपणा केला. त्या 38 जणांचे आजार तिनं चक्क आपापसांत उलटसुलट वाटून टाकले. आता तक्त्यात शिकण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. तरीही कोणतंही बंधन न घातलेल्या मॉडेलनं 38 पैकी 38 उत्तरं बिनचूक दिली. मी स्क्रीनकडे पाहत राहिले. ती मात्र शांतपणे चहा पीत होती. रकाने ओळींपेक्षा इतके जास्त असले, की बिनचूक बसणारी समीकरणं असंख्य निघतात, आणि त्यातलं खरं कोणतं हे आकडे सांगत नाहीत.

यावरचा इलाज म्हणजे दंड. मॉडेलनं एखाद्या रकान्याला वजन द्यायचं, तर त्याची किंमत मोजायची. 1970 साली होर्ल आणि केनार्ड यांनी मांडलेल्या रिज पद्धतीत ही किंमत वजनाच्या वर्गावर ठरते. 1996 साली रॉबर्ट टिबशिरानी यांनी मांडलेल्या लॅसोत ती वजनाच्या निव्वळ आकारावर ठरते, अधिक-उणे न पाहता. फरक किरकोळ वाटतो, म्हणून तिनं कागदावर हिशोब मांडला. वजन 0.1 वरून 0 वर आणलं, तर रिजमध्ये 0.01 इतका दंड वाचतो, लॅसोत 0.1. वजन लहान होत जातं तसा रिजचा दाब विरत जातो, त्यामुळे सगळी वजनं आक्रसतात, पण सहसा कोणतंच शून्य होत नाही. लॅसोचा दाब शेवटपर्यंत तेवढाच राहतो आणि दुबळ्या रकान्यांना थेट शून्यावर नेऊन बसवतो.

मग तिनं सगळ्यांचे आजार पुन्हा मूळ जागी ठेवले आणि लॅसो चालवला. दंड किती कडक, हे लॅम्डा नावाचा आकडा ठरवतो. लॅम्डा सैल होत गेला तशा आलेखात शून्याच्या रेषेवरून एकेका रकान्याची रंगीत रेघ सुटू लागली. क्रॉस-व्हॅलिडेशननं, म्हणजे शिकवणीतले काही रुग्ण आळीपाळीनं बाजूला ठेवून केलेल्या तपासणीनं, एक लॅम्डा सुचवला. 7129 पैकी मूठभर रकाने उरले, बाकी सगळे शून्य. “सापडली जनुकं!” मी म्हणाले.

“थांब,” ती म्हणाली. शिकवणीतले काही रुग्ण बदलून तिनं तीच आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा मूठभर रकाने आले, पण यादी तीच नव्हती. काही नावं टिकली, काही गेली, काही नवी आली.

कारण जनुकं एकेकटी काम करत नाहीत. ढोलपथकात पन्नास ढोल एकाच ठेक्यावर वाजत असतात, आणि लॅसो बहुधा त्यातल्या एकालाच श्रेय देतो. कोणाला, हे त्या दिवशी पथकात कोण आलं यावरही ठरतं. शिवाय ओळी 38 असतील, तर लॅसो 38 पेक्षा जास्त रकाने निवडूच शकत नाही. ही मर्यादा निसर्गाची नाही, गणिताची आहे. 2005 साली झू आणि हेस्टी यांनी रिज आणि लॅसोचे दंड एकत्र करून इलॅस्टिक नेट मांडलं. त्यांनी याच तक्त्यावर ते चालवलं, तेव्हा 45 जनुकं निवडली गेली.

तिची खरी मेहनत यानंतर सुरू झाली. निम्मे निम्मे रुग्ण उचलून तीच निवड पुन्हा पुन्हा करायची आणि कोणता रकाना किती वेळा येतो ते मोजायचं. माइन्सहाउझेन आणि ब्यूलमान यांची 2010 मधली ही पद्धत. वेळखाऊ काम आहे आणि हाती येणारी यादी बहुधा आखूड निघते. अशी यादी मिरवता येत नाही, पण तिच्यावर विसंबता येतं.

रकान्यासमोरचं शून्य म्हणजे ‘या जनुकाचा आजाराशी संबंध नाही’ असं नव्हे. इतक्या थोड्या रुग्णांत, इतक्या कडक दंडाखाली त्याच्यावाचून भागलं, एवढाच त्याचा अर्थ. 7129 मधून मूठभर निवडणं यंत्राला क्षणाचं काम आहे. त्या मुठीवर शंका घेणं माणसाचं काम आहे आणि माझ्या मते तेच मोलाचं आहे. ‘एआयनं आजाराची जनुकं शोधली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: रुग्ण किती होते? आणि रुग्ण बदलल्यावर यादी तीच राहिली का?