घोड्याचीही पाठ दुखते

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून घोडागाड्या कुलाबा किल्ल्याकडे निघतात. नागाव, काशीद, मुरूडच्या पुळणीवर घोडे पर्यटकांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारतात. पाणी नुकतेच ओसरलेल्या ओल्या वाळूवर त्यांच्या टापांचे ठसे स्वच्छ उमटतात. घोडा रमतगमत चालत असताना मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा किंचित पुढे पडला, तर चाल मोकळी आहे असे समजावे. तो वीतभर मागेच राहत असेल, तर कुठेतरी दुखते आहे. कधी ते खुरात असते, कधी गुडघ्यात आणि बऱ्याचदा, कोणाच्या लक्षातही न येता, पाठीत.

पाठ दुखणारा घोडा लंगडत नाही, त्यामुळे तो आजारी वाटत नाही. खोगीर आणताना कान मागे पाडतो, तंग आवळताना चावायला वळतो, स्वार बसताच पाठ खाली दबवतो, पहिल्या फेरीला अडून राहतो. 'आता खोडकर झाला' असे म्हणून त्याला चाबूक दाखवला जातो. इंग्लंडमधील पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या अशा २४ लक्षणांची यादी केली आहे. त्यातली ८ किंवा अधिक लक्षणे दिसली, तर खोडीपेक्षा वेदनेची शक्यता जास्त धरावी, असे त्या सांगतात.

मुळात घोड्याची पाठ बसण्यासाठी घडलेली नाही. त्याला गळपट्टीचे हाड नसते. छातीचा पिंजरा पुढच्या दोन पायांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. छातीच्या भागात १८ मणके असतात आणि प्रत्येकावर वर आलेला हाडाचा काटा. स्वाराच्या वजनाने पाठ खाली गेली, की हे काटे एकमेकांजवळ येतात. खोगीर जिथे टेकते, तिथेच काही घोड्यांमध्ये ते एकमेकांना घासू लागतात. मात्र क्ष-किरण फोटोत काटे चिकटलेले दिसूनही मजेत चालणारे घोडे असतात. माणसाच्या एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसते आणि पाठ मात्र दुखत नसते, तसेच हे.

माणसाशी साम्य इथेच संपत नाही. मणक्यांना लगटून 'मल्टिफिडस' नावाचे आखूड, खोल स्नायू असतात. ते मणक्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. पाठ दुखू लागली की हे स्नायू त्या जागी झिजतात. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्यांदाच पाठ दुखलेल्या ३९ रुग्णांची सोनोग्राफी केली. बहुतेकांचे दुखणे चार आठवड्यांत थांबले. पण खास व्यायाम न केलेल्यांचा स्नायू दहाव्या आठवड्यातही भरला नव्हता. वर्षभरात त्या गटातील ८४ टक्के रुग्णांची पाठ पुन्हा दुखली, व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांची. दुखणे थांबणे आणि पाठ बरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोड्याला नुसती दोन महिने विश्रांती देऊन पुन्हा खोगीर चढवले, तर काय होणार हे यावरून ओळखावे.

म्हणून उपचाराचा मोठा भाग जमिनीवर, स्वाराविना करायचा असतो. त्याआधी पशुवैद्याने खूर, दात, पाय आणि पाठ तपासणे आवश्यक आहे. वेदना चालू असताना केलेला व्यायाम म्हणजे शिक्षाच. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पण मुरूडहून घोडा तिथवर न्यायचा तर टेम्पोचे भाडे आणि बुडालेली कमाई, दोन्ही सोसावे लागते. निदान तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तरी दाखवावे.

सुरुवात उभ्या घोड्यापासून होते. हातात गाजर घेऊन त्याची हनुवटी छातीकडे, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये, मग एकेका कुशीकडे आणायची आणि काही क्षण तिथेच ठेवायची. गाजर हिसकावून घेतले तर व्यायाम झालाच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ घोड्यांकडून असे व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने करून घेतले. सोनोग्राफीत त्यांचा मल्टिफिडस स्पष्टपणे जाड झालेला दिसला. औषध नाही, यंत्र नाही; फक्त गाजर आणि चिकाटी.

पुढची पायरी म्हणजे मोरकीला लांब दोर बांधून घोडा गोल फिरवणे. जुन्या मराठीत याला 'कावा देणे' म्हणत. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ आहे. गनिमी काव्यातला कावा आपल्याला ठाऊक असतो, घोड्याचा विसरला गेला. यात घाई नडते. फेर जितका लहान, तितका सांध्यांवर ताण जास्त, म्हणून वर्तुळ चांगले ऐसपैस हवे. आधी नुसती चाल, दोन्ही बाजूंनी सारखी, दहा मिनिटे पुरे. घोडा आपणहून मान खाली सोडतो, तेव्हा मानेपासून पाठीपर्यंत गेलेला मजबूत बंध ताणला जातो आणि पाठ वर उचलली जाते. ती मान दोरीने खाली बांधून ठेवण्याची काहींची पद्धत मात्र चुकीची आहे. बांधलेली मान वाकते, पाठ ताठच राहते.

नंतर जमिनीवर बांबू किंवा सुरूचे वासे आडवे ठेवून त्यावरून चालवायचे. प्रत्येक वेळी पाय उचलताना पोटाचे स्नायू काम करतात आणि पाठीला खालून आधार मिळतो. चार पावले मागे चालवणे, हलक्या चढावर सावकाश नेणे हेही उपयोगी. जागा निवडताना भान हवे. भरतीच्या रेषेखालची ओली, घट्ट वाळू चांगली. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू पायाच्या शिरांना ओढून काढते.

दोन-तीन महिन्यांनी पाठीच्या कण्याशेजारचे खळगे भरू लागतात, ठसे जुळू लागतात, तेव्हा खोगिराची वेळ येते. आणि बहुतेक ठिकाणी घोडे मोडते ते इथेच. एकच खोगीर तीन घोड्यांना, खालची गादी घामाने कडक झालेली, सगळे स्वार डावीकडूनच रिकिबीवर पाय देऊन लटकत चढणारे. नव्याने भरलेल्या स्नायूंचे आठवडाभरात पुन्हा खळगे होतात. गादी वाळवणे, खोगिराखाली कण्यावर हवा खेळण्याइतकी फट ठेवणे, ओट्यावरून स्वार चढवणे, याला फारसा खर्च नाही.

वजनाचेही गणित आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापेक्षा जास्त नसावे, असा संकेत आहे. अडीचशे किलोच्या तट्टाला म्हणजे पन्नास किलो. १९६५ च्या केंद्रीय नियमांत ओझ्याच्या तट्टाला ७० किलोंची मर्यादा आहे, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको असेही आहे. ऐंशी किलोचा पर्यटक 'एक फेरी तर मारायची आहे' म्हणतो, तेव्हा त्याला नाही म्हणणे घोडेवाल्याला परवडत नाही. त्याची अडचण खोटी नाही. घोडा चालो न चालो, चारा-खुराक रोजचाच.

त्या दृष्टीने पावसाळा सोयीचा. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, पर्यटक कमी आणि घोडे बहुतेक बांधलेले. हे चार महिने खुंट्याला उभे राहण्यात जातात आणि दिवाळीच्या गर्दीला घोडा थेट आठ तास कामाला जुंपला जातो. त्याऐवजी उघडीप मिळेल तेव्हा रोज वीस मिनिटांचा कावा, वासे आणि गाजर झाले, तर पाठ सावरायला लागणारे तीन महिने गणपतीच्या आसपास पूर्ण होतात. मग पहिले काही दिवस पाठीवर फक्त रिकामे खोगीर, नंतर घरातले एखादे हलके पोर, चालीपुरते.