गोष्ट आठवते, नाव आठवत नाही!

वाचकहो, अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोलीसारख्या गावात एखादे गुरुजी मुलांना मंगळ ग्रह दाखवीत आहेत, असे समजा. त्यांना लहानपणी वाचलेली कादंबरी आठवते. परग्रहावरचे जीव, अजस्र यंत्रे, घनघोर युद्ध! मुले लगेच विचारतात, "गुरुजी, पुस्तकाचे नाव काय?" नेमके तेच आठवत नाही. अशा वेळी शोध कसा घ्यावा?

पहिली गोष्ट, लेखकाच्या नावावर फार विसंबू नका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खुद्द जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरे तेवढी उलटी फिरवलेली. नाव असे चकवते. कथेतल्या खुणा अधिक भरवशाच्या.

म्हणून कागद घ्या. डावीकडे पक्के आठवते ते लिहा, उजवीकडे अंधुक. डावीकडे जर आले की, आकाशातून नळकांडे पडले, त्यातून निघालेल्यांनी तीन पायांची यंत्रे चालवली, किरणांनी माणसे जाळली आणि शेवटी शत्रू आपोआप मेला, तर ती एच. जी. वेल्सची १८९८ सालची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' समजा. तोफांना न जुमानणारे मंगळवासी पृथ्वीवरच्या क्षुद्र जंतूंनी मरतात; त्या जंतूंशी झुंजण्याची ताकद त्यांच्या शरीरात नसते.

"पण आम्हाला तर अंतराळातली लढाई आठवते!" असे कुणी म्हणेल. वेल्सची लढाई इंग्लंडच्या जमिनीवर होते. आठवण पुष्कळदा दोन-तीन गोष्टींचा काला करते. तेव्हा स्थळ विचारा. न्यू जर्सी असेल, तर ते ऑर्सन वेल्सचे १९३८ सालचे नभोनाट्य; ते ऐकून काही श्रोत्यांना स्वारी खरीच वाटली होती. यंत्रे चालण्याऐवजी तरंगत असतील, तर तो १९५३ सालचा चित्रपट. आणि याने खरोखरच अंतराळात झुंजत असतील, तर वेल्सला सोडून दुसरा माग काढा. मात्र पात्रे मराठी नावांची होती म्हणून पुस्तक मूळ मराठीच, असे धरू नका. रूपांतरात परकी पात्रेही देशी नावे घेतात.

आता टिपण घेऊन ग्रंथपालांकडे जा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीत १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद आहे. कोणत्या इयत्तेत वाचले, मुखपृष्ठावर काय होते, पुस्तक जाड की पातळ, हेही सांगा.

हा खटाटोप कशासाठी? जुना कागद ठिसूळ होतो, वाचणारेही थकतात. शेवटचा आठवणारा गेला की ते पुस्तक मागणारे कुणी उरत नाही. म्हणून आठवते तेवढे आजच लिहून ठेवा. विचारणाऱ्या मुलाच्या हाती पुस्तक पडले, तर त्याचेही डोळे आकाशाकडे वळतील.