बजाज ऑटो विरुद्ध टीव्हीएस मोटर (पेटंट खटला)

बजाज ऑटो विरुद्ध टीव्हीएस मोटर हा मोटारसायकलच्या इंजिनातील दोन स्पार्क प्लगांच्या रचनेवरून मद्रास उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात लढला गेलेला पेटंट (एकस्व) विषयक वाद होय. बजाज ऑटोचे मुख्यालय पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डी येथे असून या तंत्रावर चालणारी 'पल्सर' ही मोटारसायकल कंपनीच्या चाकण येथील कारखान्यात तयार होते. टीव्हीएस ही तमिळनाडूतील कंपनी आहे.

तंत्र

लहान इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी ठेवल्यास इंधन वाचते; परंतु असे विरळ मिश्रण सावकाश पेटते व त्याचे ज्वलन अपुरे राहण्याचा संभव असतो. एकच प्लग असल्यास ज्योतीला संपूर्ण ज्वलनकक्ष ओलांडावा लागतो. दोन बाजूंस दोन प्लग बसविल्यास हे अंतर कमी होऊन ज्वलन जलद होते. बजाजने ही रचना 'डीटीएस-आय' या नावाने बाजारात आणली. तिच्या पेटंटसाठी १६ जुलै २००२ रोजी अर्ज करण्यात आला आणि ७ जुलै २००५ रोजी पेटंट क्र. १९५९०४ मंजूर झाले. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांपुरता हा दावा मर्यादित होता.

वाद

टीव्हीएसने २००७ मध्ये 'फ्लेम' ही १२५ सीसीची मोटारसायकल जाहीर केली. तिच्या इंजिनातही दोन प्लग होते. बजाजने हे आपल्या पेटंटचे उल्लंघन असल्याचे म्हटले. आपल्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह असल्याने ते वेगळे आहे आणि दोन प्लगांची कल्पना पूर्वीपासून ज्ञात आहे, असा टीव्हीएसचा प्रतिवाद होता. बजाजच्या धमक्या निराधार ठरवाव्यात यासाठी टीव्हीएसने, तर उल्लंघन थांबवावे यासाठी बजाजने मद्रास उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

न्यायालयीन निर्णय

१६ फेब्रुवारी २००८ रोजी एकल न्यायाधीशांनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. १८ मे २००९ रोजी खंडपीठाने तो रद्द केला. बजाजने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. १६ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने 'फ्लेम'च्या विक्रीस मुभा मिळाली. मात्र विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्याचे बंधन घालून त्यासाठी प्रापक नेमण्यास सांगण्यात आले. पेटंट, व्यापारचिन्ह व स्वामित्वहक्क यांच्या खटल्यांत वर्षानुवर्षे केवळ अंतरिम आदेशांवरच भांडण चालते, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. अशा खटल्यांची सुनावणी दररोज व्हावी व अंतिम निकाल सर्वसाधारणपणे चार महिन्यांत द्यावा, असा निर्देश सर्व न्यायालयांना देण्यात आला.

शेवट व महत्त्व

प्रत्यक्षात हा वाद त्यानंतरही दहा वर्षे रेंगाळला. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपापसांतील खटले सामोपचाराने मिटविले. त्यामुळे उल्लंघन झाले होते की नाही, या मूळ प्रश्नाचा अंतिम न्यायनिर्णय झालाच नाही. भारतीय कायद्यानुसार पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षे असते. म्हणजे या पेटंटची कमाल मुदत जुलै २०२२ पर्यंतच होती व तडजोडीच्या वेळी तिची तीन वर्षेही उरली नव्हती. मुदत मोजकी असलेल्या हक्काचे मोल न्यायदानाच्या गतीवर किती अवलंबून असते, हे या खटल्यावरून स्पष्ट होते. त्याचप्रमाणे, पेटंट कायद्याच्या कलम १३(४) नुसार पेटंट मंजूर होणे ही त्याच्या वैधतेची हमी नसते. मंजूर पेटंटलाही आव्हान देता येते.