पासपोर्ट कपाटात, नागरिकत्व मात्र गेलेलं

2022 साली 2,25,620 भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत दिलेला हा आकडा. 2011 पासूनची बेरीज तेव्हा सोळा लाखांच्या पुढे गेली होती. नंतरच्या 2023 आणि 2024 या वर्षांतही संख्या दोन लाखांच्या खाली आली नाही. कोल्हापुरात या आकड्याला नाव-गाव आहे. राजारामपुरीत, ताराबाई पार्कात आणि आता कागल-हातकणंगल्याच्या गावांतही कुणाचा मुलगा टेक्सासला असतो, कुणाची लेक लंडनला. पासपोर्ट काढायचा कसा हे घराघरांत ठाऊक झालंय, पोस्टाच्या साहाय्यानं चालणारं पासपोर्ट केंद्र शहरातच आहे. सोडायचा कसा, याबद्दल मात्र सगळा कारभार ऐकीव माहितीवर.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज असा: "पासपोर्ट अजून आपल्याकडंच हाय की, मग नागरिकत्व जाईल कसं?" जातं, आणि कुणालाही न विचारता जातं. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. राज्यघटनेचा अनुच्छेद 9 सुद्धा हीच दिशा दाखवतो. म्हणजे ह्यूस्टनच्या सभागृहात हात वर करून शपथ घेतली किंवा लंडनच्या नगरपालिकेतला समारंभ आटोपला, की त्या दिवसापासून तो माणूस भारतीय नागरिक राहत नाही. कपाटातल्या निळ्या पुस्तिकेवर आणखी सहा वर्षांची मुदत छापलेली असली, तरी ती त्याच्या कामाची नाही. पुढे वकिलातीत जो अर्ज करायचा, तो घडून गेलेल्या गोष्टीची नोंद करून घेण्यासाठी. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो आणि सोबत नागरिकत्व सोडल्याचा (सरेंडर) दाखला येतो. हा दाखला जपून ठेवावा, पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच मागतात.

"एकच फेरी जुन्या पासपोर्टवर मारून येऊ, कोण बघतंय?" हा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात सापडतात. त्यांचं ऐकू नये. परदेशी झाल्यावर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला तर तो सरेंडर करताना दंड भरावा लागू शकतो. त्याहून वाईट म्हणजे मुदत संपली म्हणून राष्ट्रीयत्व दडवून नवा काढणं. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 12 मध्ये त्याला किमान एक आणि कमाल पाच वर्षं कैद आहे, शिवाय दहा ते पन्नास हजार रुपये दंड.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आंबोलीचा घाट उतरून गोव्यात जावं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यानं हजारो गोंयकारांनी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला आणि पुढे इंग्लंड गाठलं. अनेकांनी भारतीय पासपोर्ट वेळेत जमा केला नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या नोव्हेंबर 2022 च्या परिपत्रकानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून असे पासपोर्ट थेट रद्द होऊ लागले. रद्द झालेल्या पासपोर्टचा सरेंडर दाखला मिळत नाही आणि तो नसेल तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड अडतं. स्वतःच्या आईवडिलांच्या घरी यायचं तर रांग व्हिसाची! ओरड झाल्यावर एप्रिल 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं रद्दीकरणाचा दाखलाही चालेल असं परिपत्रक काढलं. वेळेत एक अर्ज केला असता तर यातलं बरंच टळलं असतं, असं म्हणणं थोडं कठोर आहे, पण खोटं नाही.

आता खरी अडचण, मधल्या काळातल्या प्रवासाची. अमेरिकेत शपथविधीच्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात. हातात उरतं ते नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, आणि त्यावर विमानात बसता येत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी नवा पासपोर्ट, मग भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला, मग ओसीआय. यात आठवडे जातात, कधी महिनेही. नेमकं याच फटीत चुलतभावाचं लग्न येतं, जोतिबाची यात्रा येते किंवा वडिलांना दवाखान्यात ठेवल्याचा फोन येतो.

अशा वेळी ओसीआय आलं नाही म्हणून भारतात पाऊल टाकता येत नाही, हाही गैरसमजच. ओसीआय नसलेला माणूस इतर परदेशी पाहुण्यासारखा व्हिसा काढून येऊ शकतो. अनेक देशांच्या नागरिकांना ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. अर्जात पूर्वीचं राष्ट्रीयत्व विचारतात, ते खरं लिहावं. मात्र ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. त्यांत मुंबई, पुणे आणि गोवा आहेत, उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ नाही. मुंबईला शिक्का मारून घ्यायचा आणि मग महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची. घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल तर अमेरिकेत तातडीचा पासपोर्ट मिळण्याची सोय आहे, भारतीय वकिलातीही तातडीचा व्हिसा देतात. तरीही घरात कुणाची तब्येत नाजूक असेल, तर शपथेची तारीख पुढे ढकलता येते का हे आधी विचारून घेतलेलं बरं.

या मधल्या काळात माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही, अशी धास्तीही असते. अमेरिका-इंग्लंडच्या वाटेवर तसं होत नाही, कारण नवं नागरिकत्व मिळाल्यामुळेच जुनं जातं. सिंगापूरसारखे देश मात्र आधी तत्त्वतः मंजुरी देतात आणि जुनं नागरिकत्व सोडल्याशिवाय नवं देत नाहीत. तिथं त्या दोन कागदांच्या मध्ये परदेशवारी ठरवूच नये. नवं नागरिकत्व किती पक्कं आहे, हेही बघावं. मार्च 2025 मध्ये आयपीएलचे माजी आयुक्त ललित मोदी यांनी वानुआतूचं नागरिकत्व घेऊन लंडनच्या उच्चायुक्तालयात भारतीय पासपोर्ट जमा करायचा अर्ज केला, आणि काही दिवसांतच वानुआतूच्या पंतप्रधानांनी तिथला पासपोर्ट रद्द करायला सांगितलं. देश हरवणं म्हणजे काय, हे करवीरनगरीनं जवळून पाहिलंय. 1943 ते 1948 या काळात वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. अनेकांची गावं युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली, ते परत जाऊ शकले नाहीत आणि जगभर विखुरले. वॉर्सामध्ये या छावणीचं स्मारक आहे.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असं कार्डधारकांनाही वाटतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. जर्मनीनं जून 2024 पासून ते मान्य केलं, तरी त्यानं भारताचं कलम 9 बदलत नाही. ओसीआय हा आजन्म व्हिसा आहे. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर वेगळी परवानगी लागते.

कोल्हापूरकराचा शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला: उसाच्या रानाचं काय? नागरिकत्व गेलं म्हणजे सातबारावरचं नाव गेलं, असं होत नाही. भारतात राहताना मिळालेली जमीन ठेवता येते, वडिलांच्या पश्चात वारसानंही मिळते. विकत घेता मात्र येत नाही, आणि ही बंदी भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसालाही आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. बक्षीसपत्रानं पोराच्या नावावर रान करून देण्याचा बेतही चालत नाही. वारसानं आलेली शेती विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणून शपथेच्या आधी, सगळी भावंडं घरी असताना, तलाठ्याकडं जाऊन नोंदी तपासाव्यात.

मुलांचंही बघावं. नागरिकत्व कायद्याच्या कलम 8 खाली पालकानं नागरिकत्व सोडलं की अज्ञान मुलांचंही जातं. सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत घोषणा केली तर ते परत मिळतं. मोठ्यांचीही वाट कायमची बंद होत नाही. पाच वर्षं ओसीआय असलेला आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेला माणूस पुन्हा नागरिकत्व मागू शकतो. कॅनडाचे नागरिक झालेल्या अक्षय कुमार यांनी आपण पुन्हा भारतीय झाल्याचं 15 ऑगस्ट 2023 रोजी जाहीर केलं.