दंड ड्रायव्हरचा, भुर्दंड मालकाचा

गाडीचा विमा भरला की मालकाची जबाबदारी संपली, असा आपल्यातील पुष्कळ व्यापाऱ्यांचा समज आहे. माझाही होता. एकदा दुकानाच्या टेम्पोवर नवा ड्रायव्हर ठेवला. हात साफ होता, पगारही कमी मागितला. तीन महिन्यांनी कळले की दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याचा परवाना निलंबित झालेला आहे आणि तो तसाच रोज कापडाचे गठ्ठे पोहोचवतो आहे. अपघात झाला नाही, हे नशीब. झाला असता तर काय झाले असते, हे प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यावे.

विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई यातून मिळते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. याचा दर सरकार ठरवते. ड्रायव्हर सज्जन असो की बेफाम, हप्ता सारखाच. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. त्यात क्लेम न घेतल्यास पहिल्या वर्षी 20 टक्के आणि पुढे वाढत 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या माणसाचा हप्ता लगेच चढतो. आपल्याकडेही वाहतुकीच्या गुन्ह्यांवरून हप्ता ठरवावा, अशी सूचना विमा नियामकाच्या समितीने 2021 साली केली होती. तिने दारूच्या गुन्ह्याला 100 गुण आणि चुकीच्या पार्किंगला 10 गुण सुचवले होते. तिथे बेपर्वाईची किंमत आधी मोजावी लागते; आपल्याकडे ती अपघातानंतर मोजावी लागते, आणि तीही एकदम.

कायद्याच्या कलम 150 प्रमाणे ड्रायव्हरकडे वैध परवाना नसेल किंवा तो नशेत असेल, तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्वतःच्या गाडीचा क्लेम बहुधा नामंजूर होतो. जखमीला किंवा मृताच्या वारसांना मात्र न्यायाधिकरण कंपनीकडून पैसे देववते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते.

ही रक्कम किती असते? समजा, 30 वर्षांचा, महिना 15 हजार कमावणारा, चार माणसांना पोसणारा कारागीर गाडीखाली मेला. वर्षाचे 1 लाख 80 हजार. पुढील उत्पन्नवाढीचे 40 टक्के धरून 2 लाख 52 हजार. त्याचा स्वतःचा चौथा हिस्सा वजा करून 1 लाख 89 हजार. याला 17 ने गुणायचे. 32 लाख 13 हजार झाले. इतर किरकोळ बाबी वेगळ्या. दुकान आणि घर दोन्ही विकायची पाळी येते.

म्हणून गाडीची चावी देण्यापूर्वी एवढे करावे :

1. मूळ परवाना पाहून त्याची नक्कल ठेवावी. परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तो चालू आहे की नाही ते पाहावे. परवाना नंतर बनावट निघाला, पण मालकाने योग्य ती काळजी घेतली होती, तर वसुलीचा बोजा त्याच्यावर टाकू नये, असा सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या निकालाचा रोख आहे.

2. परवान्याचा प्रकार पाहावा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्के केले. त्याहून जड ट्रकला वेगळा परवाना लागतो.

3. मुदत संपण्याची तारीख वहीत टिपून ठेवावी. नूतनीकरणाचा अर्ज एक वर्ष आधीपासून करता येतो.

4. दारूचा वास आला तर त्या दिवशी चावी देऊ नये. माल उशिरा पोहोचला तर गिऱ्हाईक फार तर रागावेल.

5. अठराच्या आतल्या मुलाला ‘नाक्यापर्यंत जाऊन ये’ म्हणून गाडी देऊ नये. 2019 च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते.

त्या ड्रायव्हरला मी त्याच दिवशी गाडीवरून उतरवून गोदामाच्या कामावर लावले. कापड घेताना आपण ताग्याचे दोन्ही पदर उलगडून पाहतो. ड्रायव्हर ठेवतानाही तेवढेच पाहावे.