मूळ पूर्वज आणि जीवसृष्टीचा आरंभ : एक आवश्यक भेद

पृथ्वीवर जीवसृष्टीचा आरंभ कसा झाला, या प्रश्नाचा शोध दोन मार्गांनी घेतला जातो. पहिला मार्ग भूतकाळातून वर्तमानाकडे येतो. आदिपृथ्वीवरील परिस्थिती निश्चित करावयाची आणि तीत निर्जीव द्रव्यापासून सजीवांची घटकद्रव्ये कशी निर्माण होऊ शकली असतील, हे पाहावयाचे, अशी त्याची रीत आहे. दुसरा मार्ग उलट दिशेने जातो. आज हयात असलेल्या जीवांची तुलना करून त्यांच्या समान पूर्वजाचे स्वरूप तो अनुमानाने सिद्ध करतो. तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा दुसरा मार्ग परिचयाचा आहे; त्यातील धोकाही तितकाच परिचयाचा आहे.

पहिल्या मार्गाची मुख्य अडचण पुराव्याची. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. परंतु कॅनडातील अकास्टा येथील खडक, जे ज्ञात खडकांपैकी अतिप्राचीन मानले जातात, ते सुमारे ४०० कोटी वर्षांचेच आहेत. तत्पूर्वीचे भूकवच वितळून वा झिजून जवळजवळ नाहीसे झाले. त्या काळाचे साक्षीदार म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सापडलेले झिर्कॉन या खनिजाचे सूक्ष्म कण. त्यांपैकी सर्वांत जुना सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. या प्राचीन कणांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून, त्या वेळी पृष्ठभागावर द्रवरूप पाणी असावे, असे अनुमान केले जाते.

वातावरणाविषयीचा निर्णय याहून कठीण आहे. १९२४ मध्ये ओपारिन यांनी व १९२९ मध्ये, पुढे भारतात स्थायिक झालेल्या हाल्डेन यांनी, मुक्त ऑक्सिजनविरहित वातावरणात सेंद्रिय द्रव्ये आपोआप साठत गेली असावीत, अशी उपपत्ती मांडली. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी शिकागो विद्यापीठात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व वाफ यांच्या मिश्रणात विद्युत्‌स्फुल्लिंग सोडून अ‍ॅमिनो आम्ले मिळविली. परंतु आदिवातावरणात कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांचेच प्राबल्य असावे, असे मत पुढे बळावले. आणि अशा मिश्रणातून हीच द्रव्ये बहुधा फार अल्प प्रमाणात मिळतात. प्रयोगाचे फळ गृहीत धरलेल्या वातावरणावर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते. दुसरीकडे, १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीतही अ‍ॅमिनो आम्ले आढळली. तेव्हा घटकद्रव्ये दुर्मीळ नव्हती, एवढे निश्चित. तथापि वर्णमाला हाती आली म्हणजे भाषा सिद्ध झाली, असे होत नाही.

आता दुसरा मार्ग. सर्व ज्ञात जीवांची जनुकीय संकेतव्यवस्था अल्प अपवाद वगळता एकच आहे. म्हणून त्यांचा पूर्वजही समान मानला जातो. १९७७ मध्ये कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून, ज्यांना पुढे आर्किया हे नाव मिळाले, त्या सूक्ष्मजीवांचा जीवाणूंहून भिन्न असा गट दाखवून दिला. २०१६ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील संशोधकांनी ३५५ जनुककुले या समान पूर्वजाकडे नेऊन पोहोचविली व तो उष्ण परिसरात हायड्रोजनवर जगणारा असावा, असे चित्र रेखाटले. २०२४ मधील एका संशोधनाने त्याचा काळ सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा मानला आणि त्याच्या ठायी सुमारे २६०० प्रथिने असावीत, असा अंदाज केला.

अशा तुलनेत वारसा आणि उसनवारी यांची गल्लत होण्याचा संभव असतो. ‘बाजार’ या शब्दाची रूपे मराठीत व तेलुगूत आढळतात, म्हणून तो त्यांच्या एखाद्या समान पूर्वभाषेतून आला, असे कोणी म्हणणार नाही. दोन्हींकडे तो फारसीतून आला. सूक्ष्मजीवही परस्परांची जनुके उचलतात. ती वगळल्यावाचून पूर्वजाचे चित्र विश्वसनीय होत नाही.

याहून महत्त्वाचा धोका निष्कर्षाचा आहे. तुलनेने सिद्ध केलेली मूळ इंडो-युरोपीय भाषा ही मानवाची आद्य भाषा होय, असे भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. ती एक पूर्ण विकसित भाषा होती. तिच्या आधीही भाषा होत्या आणि तिच्या समकालीन कित्येक भाषा निर्वंश झाल्या असल्या पाहिजेत. जीवसृष्टीच्या समान पूर्वजाचीही गोष्ट अशीच आहे. हजारो प्रथिने बाळगणारा जीव आरंभ असू शकत नाही. तो दीर्घ उत्क्रांतीचे फळ असला पाहिजे. म्हणून तो उष्ण पाण्यात राहत होता असे सिद्ध झाले, तरी जीवनाचा उगमही तेथेच झाला, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय ४२० कोटी वर्षांचा अंदाज खरा असेल, तर ती सारी पूर्वतयारी सुमारे ३० कोटी वर्षांच्या आतच झाली असली पाहिजे.

तुलनेच्या पलीकडे जाण्याचा उपाय भाषाशास्त्रात आहे : अंतर्गत पुनर्रचना. एकाच भाषेतील रूपविकल्पांवरून तिची पूर्वावस्था शोधता येते. १८७९ मध्ये सोस्यूर यांनी अशाच रीतीने इंडो-युरोपीयातील काही लुप्त ध्वनींचे अनुमान केले आणि १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी त्यांचा अवशेष हित्ती भाषेत दाखविला. पेशीतही असा अवशेष आहे. आरएनए स्वतःच रासायनिक क्रिया घडवू शकते, हे १९८० नंतरच्या दशकात टॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांनी दाखविले. त्यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २००० मध्ये रायबोसोमची रचना उलगडली, तेव्हा प्रथिने जोडण्याचे केंद्रही आरएनएचेच असल्याचे दिसून आले. प्रथिनांची निर्मिती ज्या ठिकाणी होते, तेथे प्रथिनांहून जुनी व्यवस्था टिकून आहे, असा याचा अर्थ लावला जातो. समान पूर्वजाच्याही मागे नेणारा हा दुवा होय. आदिपृथ्वीवरील रसायनातून आरएनए कसे घडले, हा पुढील संशोधनाचा विषय येथूनच सुरू होतो.