वजूखान्यात राहिलेली चाळीशी

जवळचं वाचायच्या चष्म्याला मराठीत ‘चाळीशी’ म्हणतात, आणि या नावानेच आमची पंचाईत केली. चष्मा नाकावर चढला की वय जाहीर! चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळची अक्षरं पुसट दिसतात, यात लाजण्यासारखं काही नाही. पण चारचौघांत आम्ही तो खिशातच ठेवायचो आणि कागद लांब धरून वाचायचो. हात अपुरे पडायला लागले, तेव्हा कुठे नाइलाजाने लावू लागलो.

त्या दिवशी मुख्याध्यापक साहेबांचा निरोप समारंभ होता. उर्दू मानपत्र, म्हणजे सिपासनामा, वाचायचं काम आमच्याकडे. नववीच्या मुलींनी ते वळणदार नस्तालीकमध्ये लिहून फ्रेम केलं होतं. निघताना मुलांच्या अम्मीने विचारलंसुद्धा, “चष्मा घेतलात ना?” घेतला होता. जोहरला मशिदीत वजू करताना काढून हौदाच्या कट्ट्यावर ठेवला, शेजारी घड्याळ. नमाजनंतर घड्याळ आठवणीने बांधलं. चष्मा तिथेच.

हे कळलं ते माइकसमोर. खिशात रुमाल आणि कंगवा. पुढच्या रांगेत साहेबांच्या घरची मंडळी, मागे पालक. शेजारच्या सरांचा चष्मा मागता आला असता. नाही मागितला. मजकूर दोनदा वाचलेला होता, जमून जाईल असं वाटलं.

सुरुवात ठीक झाली. मग एक शब्द आला : ‘रुखसत’, म्हणजे निरोप. ‘खे’वरचा नुक्ता दिसला नाही की त्याची ‘हे’ होते. पुढचा ‘स्वाद’ धुक्यात ‘लाम’ भासला, आणि आम्ही भरदार आवाजात वाचलं, “मोहतरम की रेहलत पर हम सब गमगीन हैं.” रेहलत म्हणजे इंतकाल!

सभागृह गप्प. एका वयस्कर पालकांनी तर सवयीने “इन्ना लिल्लाहि...” सुरू केलं. मग साहेब स्वतःच उठले आणि म्हणाले, “सर, पेन्शनचा पहिला हप्ता तरी हातात पडू द्या!” हशा इतका झाला की पुढचं मानपत्र एका विद्यार्थिनीनेच वाचलं. आम्ही खुर्चीत बसून टाइल्स मोजत होतो.

चहाच्या वेळी सातवीतला एक मुलगा जवळ आला. हळूच म्हणाला, “सर, मला पण फळ्यावरचे नुक्ते असेच दिसत नाहीत.”

हा तोच मुलगा. ‘बे’चा ‘ते’, ‘ते’चा ‘नून’ करायचा. निष्काळजी म्हणून आम्ही त्याच्याकडून एकेक शब्द वीस वेळा लिहून घेतला होता, आणि वर “डोळे उघडे ठेवून लिही” असं ऐकवलं होतं. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात कैरोमध्ये दृष्टी आणि प्रकाशावर ‘किताबुल मनाजिर’ हा ग्रंथ लिहिला, हे परिपाठात आम्ही ऐटीत सांगतो. शेवटच्या बाकावरचं पोर फळ्याकडे डोळे बारीक करून बघतंय, हे मात्र आम्हाला वर्षभर दिसलं नाही. घरी सांगितलं नाहीस का, म्हणून विचारलं. म्हणाला, “मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. त्याला लांबचं दिसत नव्हतं, दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. शेवटच्या बाकावरून त्याला पुढे आणलं. आणि वर्गासमोर त्याची माफी मागितली, हे माइकपेक्षा जड गेलं.

आमचा चष्मा मुअज्जिन साहेबांनी जपून ठेवला होता. त्यांनी खिडकीतला डबा उघडून दाखवला : तीन घड्याळं, एक अंगठी आणि आमच्यासकट चार चष्मे. आता आम्ही चष्म्याला दोरी लावून तो गळ्यातच अडकवतो. अम्मी हसते, हसू दे.

परवा फळ्यावर लिहीत होतो. मागून त्या मुलाचा आवाज आला, “सर, ‘खे’वर नुक्ता राहिला.”